डायलिसिस की प्रत्यारोपण? एकाचा उपचार घरानं मिळून कसा ठरवावा

बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, ७.८ आलं तेव्हा घरात रिपोर्ट वाचता येणारी मी एकटीच. त्याआधी दोन वर्षं ते गुडघ्यासाठी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खात होते आणि पायावरची सूज पँटच्या आत लपवत होते. ‘तुम्हाला कशाला त्रास’ हे त्यांचं म्हणणं. पुढच्या तीन वर्षांत दादाची नोकरी, वहिनीचा स्वयंपाक, आईचं पोट, आत्याचा संसार आणि माझ्या रजा यांतलं काहीही त्या दुखण्यातून सुटलं नाही.

आमच्या घरानं या सगळ्या गोष्टी उलट्या क्रमानं केल्या. आधी घाई, मग रडारड, मग भांडण आणि सगळ्यात शेवटी चौकशी. तुमच्याकडे कुणाच्या किडन्या निकामी होत असतील तर क्रम सुलटा ठेवता यावा म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचं डॉक्टरांना विचारा, घराचं मी सांगते.

पहिली पायरी: वेळ किती आहे ते विचारा

एकट्या क्रिएटिनिनच्या आकड्यावर घाबरूही नका, निश्चिंतही राहू नका. वय आणि लिंग धरून त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा अंदाज, काढतात. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर जुनाट आजार धरतात आणि १५ च्या खाली गेला की शेवटचा, पाचवा टप्पा. पण आकडा १५ खाली गेला म्हणून दुसऱ्या दिवशी सुई टोचत नाहीत. धाप, न उतरणारी सूज, सततची मळमळ, वाढलेलं पोटॅशियम या गोष्टी डायलिसिसचा दिवस ठरवतात.

म्हणून किडनीच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा: ‘आमच्या हातात अंदाजे किती महिने आहेत?’ महिने असतील तर हातात फिस्टुला करून घेता येतो. म्हणजे मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया. ती शीर फुगून सुया टोचण्याजोगी व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. बाबा म्हणाले, ‘आत्ताच हाताला भोक कशाला?’ आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. चार महिन्यांनी रात्री दोन वाजता धाप लागली आणि मानेत कॅथेटर (नळी) घालून डायलिसिस सुरू झालं. त्या कॅथेटरला जंतुसंसर्ग झाला, तापानं फणफणले, अकरा दिवस दवाखाना. ‘आत्ताच कशाला’ हा बाबांचा निर्णय होता आणि त्यांचाच होता. पण ते अकरा दिवस दादाच्या पगारातून कापले गेले. हे त्यांना आधी कुणी सांगितलं असतं तर त्यांनी हात पुढे केला असता, एवढं मी त्यांना ओळखते.

फिस्टुला झाल्यावर त्या हातानं जड उचलायचं नाही, त्या हातावर बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही, त्यातून रक्त काढू द्यायचं नाही. आणि रोज सकाळी बोटांनी थरथर तपासायची. आमच्याकडे हे काम दादाच्या मुलानं स्वतःहून घेतलं. ‘आजोबांच्या हातात मांजर गुरगुरतंय’ असं तो शाळेत सांगत असे. मांजर गप्प झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दुसरी पायरी: पर्याय माणसांच्या भाषेत मांडा

डॉक्टर पर्याय सांगतात ते रुग्णाच्या शरीराच्या हिशेबानं. घरी आल्यावर तेच घराच्या हिशेबानं पुन्हा मांडायचे.

केंद्रात जाऊन डायलिसिस, म्हणजे हिमोडायलिसिस: बहुतेकांना आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. आमच्या गावाहून कोल्हापूर दोन तास. जाणं-येणं चार, मशीनवर चार, नंबर लागण्यात आणि सुयांच्या जागा दाबून बसण्यात एक. झाले नऊ. आठवड्याला सत्तावीस तास रुग्णाचे आणि सोबतच्या माणसाचेही तेवढेच. मशीनवरून उतरल्यावर बीपी पडतं, पायात गोळे येतात, एकट्यानं एसटीत चढवत नाही. म्हणजे ‘आठवड्यातून तीनदा’ याचा खरा अर्थ घरातलं एक माणूस जवळजवळ अर्धवेळ कामाला लागलं असा.

पोटाचं डायलिसिस: पोटात कायमची नळी. त्यातून साधारण दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, पुन्हा नवं सोडायचं. बहुतेकांना दिवसातून चार वेळा आणि दर वेळी अर्धा-पाऊण तास. प्रवास नाही, सुया नाहीत. पण घराचा एक कोपरा शस्त्रक्रियेच्या खोलीसारखा ठेवावा लागतो: पंखा बंद, दार बंद, हात नीट धुतलेले, तोंडाला मास्क, मांजर-कुत्रं बाहेर. महिन्याला १२० पिशव्या, म्हणजे पाव टनाच्या आसपास ओझं. दोन खोल्यांच्या घरात ती खोकी ठेवायची कुठे, हा प्रश्न वैद्यकीय नसला तरी त्यावरच हा पर्याय टिकतो किंवा फसतो. बाहेर येणारं पाणी गढूळ दिसलं आणि पोट दुखू लागलं तर ती पिशवी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, उद्यावर टाकायचं नाही. रोजंदारीवरच्या आणि शहरापासून लांबच्या घरांना हा पर्याय नीट समजावून सांगितलाच जात नाही असं माझं मत आहे. आम्हाला तर त्याचं नावही सहा महिन्यांनी कळलं, तेही शेजारच्या खाटेवरच्या मावशींकडून.

प्रत्यारोपण: जिवंत नातेवाइकाची किडनी किंवा मेंदूमृत दात्याची. त्याबद्दल पुढे सविस्तर.

चौथा पर्याय बोलायला कुणी धजत नाही. डायलिसिस न करता औषधं, आहार आणि त्रास कमी ठेवणारी शुश्रूषा. वय ऐंशीच्या पुढे, हृदय कमजोर, अंथरुणाला खिळलेला माणूस, अशा वेळी तो डॉक्टरांसमोर जरूर काढावा. त्याला ‘सोडून देणं’ म्हणणारे नातेवाईक सहसा तीन दिवसांच्या मुक्कामाला आलेले असतात.

तिसरी पायरी: आठवड्याचा कागद

हे सगळ्यात साधं आणि आम्हाला सगळ्यात उशिरा सुचलेलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेची मागची कोरी बाजू घ्या. आडवे सात वार, उभी कामं: सोबत जाणं, डबा, औषधं भरणं, मागे राहिलेल्या मुलांना शाळेतून आणणं, जनावरांची धार, बिलं आणि योजनेची कागदपत्रं, रात्री जाग. प्रत्येक पर्यायासाठी वेगळा कागद करा आणि प्रत्येक चौकटीत नाव लिहा. ‘बघू’, ‘कुणीतरी’, ‘आम्ही सगळे’ ही नावं नव्हेत.

आम्ही तो भरला तेव्हा वहिनीचं नाव चौदा चौकटींत निघालं आणि माझं दोन. मी पुण्याहून फोनवर ‘चांगल्यातलं चांगलं करा’ म्हणत होते. कागद बघून माझा फोनवरचा आवाज खाली आला. त्या महिन्यापासून महिन्यातले दोन शनिवार मी जाऊ लागले आणि कागदपत्रांचं सगळं काम अंगावर घेतलं, कारण ते लांबून करता येतं. परदेशात किंवा मोठ्या शहरात असलेल्या भावंडांना हेच सांगेन: मत द्यायचं असेल तर आधी एक चौकट घ्या.

दादा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीनं जातो. डायलिसिसची वेळ केंद्राकडून मागून घेता येते, पण बऱ्याचदा जी रिकामी असेल तीच मिळते. म्हणून पाळी ठरवून घेण्याआधी केंद्रात वेळ पक्की करा. आम्ही उलटं केलं आणि दोन महिन्यांची पाळी बदलून मिळाली नाही.

चौथी पायरी: पैशाची दोन गणितं

पहिलं गणित सगळे करतात: शस्त्रक्रियेला किती. दुसरं फार थोडे करतात: त्यानंतर दर महिन्याला किती, आणि किती वर्षं. बदललेली किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन अशी औषधं ती किडनी चालते तोवर घ्यावी लागतात. चुकवून चालत नाहीत, परवडत नाहीत म्हणून निम्मी करून तर मुळीच नाही. वर्गणी काढून, शेत गहाण टाकून शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरात औषधाला पैसे उरले नाहीत, अशी घरं मी प्रतीक्षालयात पाहिली आहेत. तिथे पैसा तर गेलाच, आईनं दिलेली किडनीही गेली.

रुग्णालयाकडून लेखी अंदाज घ्या आणि त्यात काय धरलेलं नाही ते आवर्जून विचारा. दात्याच्या तपासण्या, ऊतींची जुळणी, औषधाची रक्तातली पातळी बघायच्या चाचण्या, शस्त्रक्रियेनंतर जवळ भाड्यानं राहायचे दोन-तीन महिने, रक्त वाढवायची इंजेक्शनं या गोष्टी बऱ्याचदा पॅकेजच्या बाहेर असतात. सोबतच्याची बुडालेली मजुरी कुठल्याच अंदाजपत्रकात नसते, ती तुम्हीच लिहा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि किडनी प्रत्यारोपण दोन्ही बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथून सुरुवात करा. शिधापत्रिकेवर रुग्णाचं नाव, आधारवरचं स्पेलिंग आणि जन्मसाल जुळतंय का ते आधीच बघा. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ यात आमचे नऊ दिवस गेले. योजनेचं वार्षिक ५ लाखांचं संरक्षण अख्ख्या कुटुंबाचं असतं हेही ध्यानात ठेवा. खासगी फॅमिली फ्लोटर विम्याचंही तसंच. एका माणसाच्या उपचारात त्यातलं किती संपतंय आणि त्याच वर्षी आईचं मोतीबिंदू किंवा वहिनीचं बाळंतपण आहे का, ते एकदा शेजारी शेजारी मांडा.

जिल्हा रुग्णालयांतून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली दारिद्र्यरेषेखालच्यांना मोफत डायलिसिस मिळतं, तो कार्यक्रम २०१६ पासून आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज वेगळा. रेल्वेत डायलिसिस-प्रत्यारोपणाच्या प्रवासाला रुग्ण आणि सोबती दोघांनाही सवलत मिळते. एसटीचं आगारात विचारा.

शेत विकण्याचा विषय मात्र खर्चाच्या या बैठकीत काढू नका. त्यासाठी वेगळा दिवस, आणि ज्यांची ज्यांची नावं सातबारावर आहेत ती सगळी माणसं समोर. बहिणीची सही ‘नंतर घेऊ’ म्हणून ठरवलेला व्यवहार आजारपणापेक्षा जास्त वर्षं टिकणारं भांडण लावतो.

पाचवी पायरी: दाता. इथे सगळ्यात सावकाश चाला

गणपतीत सगळे जमले होते. आरती झाली, प्रसाद वाटला आणि आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, ‘दादाला माझी किडनी मी देणार.’ तिचा दादा म्हणजे आमचे बाबा. टाळ्या वाजायच्या बाकी राहिल्या. आतोबा ताटातल्या मोदकाकडे बघत बसले. दोन दिवसांनी मागच्या पडवीत मेथी निवडताना ती मला म्हणाली, ‘बोलून गेले गं मी. झोप नाही मला. माझ्या पोरीचं लग्न व्हायचंय अजून. पण आता नाही कसं म्हणू?’

यावरून आमच्या घरात झालेला नियम: किडनीचा प्रश्न चारचौघांत विचारायचा नाही आणि चारचौघांत दिलेलं उत्तर धरायचं नाही. रुग्णानं तर कुणालाच थेट विचारू नये, कारण त्याला ‘नाही’ म्हणणं कुणालाच जमत नाही. घरातल्या एकानं सगळ्यांना फक्त माहिती द्यावी आणि रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाचा नंबर द्यावा. ज्याला वाटेल तो स्वतः फोन करेल. बाकीच्यांना कारण विचारायचं नाही.

समन्वयक आणि डॉक्टर दात्याशी एकांतात बोलतात. त्या खोलीत ‘मला नको आहे’ म्हणायची मुभा आहे, अगदी शस्त्रक्रियेच्या सकाळीही. चांगली टीम बाहेर येऊन एवढंच सांगते की हा दाता योग्य नाही. आत्याचंही तसंच झालं. ती आत गेली, अर्ध्या तासानं बाहेर आली आणि बाबांना सांगण्यात आलं की तिची किडनी घेता येणार नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. दिवाळीला ती नेहमीसारखी चकल्या घेऊन आली, मला तेवढं पुरे आहे.

आता कायदा. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा, २०११ ला त्यात दुरुस्ती झाली, नियम २०१४ चे. त्यात ‘जवळचे नातेवाईक’ म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. सून, जावई, काका, मामा, चुलतभाऊ या यादीत नाहीत. त्यांना द्यायची असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. तिथे नातं आणि माया सिद्ध करावी लागते, पैशाचा व्यवहार नाही याची खात्री पटवावी लागते, मुलाखतीचं चित्रीकरण होतं. पैसे देऊन किडनी घेणं किंवा विकणं हा ५ ते १० वर्षं कैदेचा गुन्हा आहे. मात्र दात्याचा प्रवास, उपचार आणि बुडालेली मजुरी भरून देणं कायद्याला चालतं. ते संकोच न करता द्या. विवाहित दाता असेल तर रुग्णालयं जोडीदाराशीही बोलतात. म्हणजे बहीण देणार असेल तर तिच्या सासरच्या घरालाही हा निर्णय सोसायचा आहे, त्यांच्या दारी जाऊन बोलायची जबाबदारी माहेरची.

रक्तगटाचं सोपं आहे: ‘ओ’ गट कुणालाही देऊ शकतो, ‘एबी’ कुणाकडूनही घेऊ शकतो, ‘ए’ची किडनी ‘ए’ला आणि ‘एबी’ला, ‘बी’ची ‘बी’ला आणि ‘एबी’ला. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे संबंध नाही. त्यानंतर दात्याच्या दोन्ही किडन्यांचं काम, त्यांच्या रक्तवाहिन्यांचा सीटी, लघवीतलं प्रथिन, शुगर, बीपी, हृदय आणि क्रॉसमॅच, म्हणजे दाता आणि रुग्णाचं रक्त एकमेकांशी जुळवून बघायची चाचणी. दादाचा गट बाबांसारखाच ‘बी’. सगळ्यांना वाटलं सुटलो. पण एकतिसाव्या वर्षीच शुगर सीमेवर निघाली. डॉक्टरांनी सरळ नकार दिला आणि त्याला चालायला लावलं. दात्याच्या तपासणीत असं कुणाचं तरी दुखणं सापडतं. धक्का बसेल, पण ते आत्ताच कळलेलं बरं.

इथे एक कडू गोष्ट. आपल्या देशात जिवंत दात्यांत बायकाच जास्त, आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष कितीतरी जास्त. घरात बाई आजारी पडली की ती स्वतःच म्हणते, ‘माझ्यावर कशाला एवढा खर्च’, आणि घर ते वाक्य किती चटकन ऐकतं बघा. बाबांनी असंच म्हटलं होतं तेव्हा आम्ही त्यांना रागावलो होतो. आजारी बाईचं पहिलं ‘नको’ उत्तर म्हणून लिहून घेऊ नका.

तरुण रुग्ण असेल तर आणखी एक विचार. नवी किडनी साधारण दहा ते वीस वर्षं चालते, काहींची कमी, काहींची जास्त. पंचविशीतल्या मुलाला पुढे दुसरी लागू शकते. म्हणून आज आईची घ्यावी आणि भावाचा पर्याय पुढच्यासाठी ठेवावा का, हे डॉक्टरांशी बोला. देणारी लेक किंवा सून लहान वयाची असेल तर पुढच्या गरोदरपणात बीपी वाढण्याची जोखीम थोडी जास्त असते, हे तिच्या कानावर समन्वयकानं घालायला हवं, सासूनं नव्हे.

जुळत नसेल तर: अदलाबदल

आईचा गट ‘ए’, बाबांचा ‘बी’. म्हणून आई पहिल्याच दिवशी बाद धरली होती. मग समन्वयकानं अदलाबदलीचं सुचवलं. दुसऱ्या एका घरात रुग्ण ‘ए’ आणि त्याची बायको ‘बी’. आईची किडनी त्यांच्या माणसाला, त्या ताईंची बाबांना. कायद्यानं हे मान्य आहे, दोन्ही जोड्या जवळच्या नात्यातल्या हव्यात. चारही शस्त्रक्रिया एकाच वेळी करतात, म्हणजे मध्येच कुणी मागे फिरायचा प्रश्न उरत नाही. आईला प्रश्न एकच पडला होता: ‘यांना माझी नाही मिळणार, मग दिल्याचं काय?’ तिला ते पटायला महिना लागला आणि त्या महिन्यात कुणी घाई केली नाही, याचं श्रेय बाबांना.

जिवंत दाता नसेलच तर मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षा यादीत नाव घालतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत. नोंदणी रुग्णालयामार्फत होते. यादीत असलेल्या घरानं फोन कायम चालू ठेवायचा. बोलावणं रात्री-अपरात्री येतं आणि काही तासांत पोचावं लागतं. गाडी कुणाची, बॅग कुठे, सोबत कोण, घरी मुलांजवळ कोण, हे त्याच कागदावर लिहून ठेवा.

सहावी पायरी: स्वयंपाकघर

डायलिसिसच्या आधी प्रथिनं बेतानं आणि डायलिसिस सुरू झाल्यावर उलट जास्त, कारण ती मशीनमधून निघूनही जातात. बऱ्याच घरांत जुनाच कागद फ्रिजवर राहतो आणि माणूस खंगत जातो. सुरू झाल्या आठवड्यात आहारतज्ज्ञांकडून नवा घ्या, आणि तिथे जो स्वयंपाक करतो त्याला न्या.

पोटॅशियम जास्त असेल तर शहाळं, केळी, सुकामेवा, टोमॅटो बंद किंवा बेतानं. बटाटा, रताळं बारीक चिरून कोमट पाण्यात काही तास ठेवायचं, पाणी फेकायचं, भरपूर पाण्यात शिजवून तेही पाणी फेकायचं. आजारी माणसाला भेटायला येणारे शहाळंच आणतात. आम्ही दारातच घेऊन शेजारी देत असू. ‘लो सोडियम’ मीठ आणू नका, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. कोकण-गोव्याकडे अंगणात असणारं कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, किडनीच्या रुग्णाला विषासारखं बाधू शकतं. त्याचं लोणचं-सरबतही नको.

पाणी मोजून. चहा, ताक, आमटी, कलिंगड हेही पाण्यात धरायचं. सकाळी एका बाटलीत दिवसाचा हिस्सा भरायचा, चहा घेतला की तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं. वहिनीनं दोन महिने दोन स्वयंपाक केले, मग एके दिवशी पातेलं आदळलं. तेव्हापासून सगळ्यांचाच स्वयंपाक कमी मिठाचा आणि ज्याला हवं त्यानं ताटात वरून घ्यायचं. तांबडा रस्सा रविवारी दादा करतो, बाबांना वाटी न देता रश्श्यातला मटणाचा तुकडा देतो. तेवढ्यावर भागतं.

सातवी पायरी: घरातल्या इतरांची तपासणी

किडनी कशानं गेली हे लेखी विचारून घ्या. मधुमेह-बीपीनं गेली असेल तर सख्ख्या नातेवाइकांनी वर्षातून एकदा शुगर, बीपी, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि रक्तातलं क्रिएटिनिन बघावं. किडनीत पाण्याच्या गाठी होणारा आनुवंशिक आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. अशा वेळी ‘मला सांगू नका’ म्हणायचाही हक्क आहे, विशेषतः लग्न ठरत असलेल्या मुला-मुलींना. पण ज्याला किडनी द्यायची आहे त्या नातेवाइकाला ही तपासणी टाळता येत नाही. रुग्णानं आजाराचं नाव लपवलं तर भावंडांच्या हातातला वेळ जातो. आमच्या बाबांनी लपवलेली सूज मला त्यासाठी अजून टोचते.

डायलिसिसच्या रुग्णाला कावीळ ‘बी’ची लस लागते, तिचे डोस पूर्ण करा. प्रत्यारोपणानंतर घरातलं कुणी सर्दी-तापानं आजारी असेल तर वेगळी खोली, मास्क. आणि घरातल्या बाळांना कुठली लस दिली जाते आहे ते प्रत्यारोपणाच्या टीमला कळवा.

आठवी पायरी: शेवटचा शब्द कुणाचा

रुग्ण शुद्धीत आहे तोवर त्याचा. बैठकीत सगळ्यात आधी त्याला बोलू द्या, नाहीतर थोरला काका सुरू होतो आणि मग कुणाचंच काही उरत नाही. दात्याच्या शरीराबद्दल शेवटचा शब्द दात्याचा. पैसा आणि वेळ ज्यांचा जातो त्यांचा शब्द त्या दोघांखालचा, पण तो ऐकला गेलाच पाहिजे.

उद्या बोलता आलं नाही तर काय, हेही लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. डायलिसिस थांबवायचं की नाही, व्हेंटिलेटर हवा की नको, तुमच्या वतीनं कोण बोलेल, हे त्यात येतं. बाबांनी आईचं नाव घातलं, दादाचं नाही. दादाला आठ दिवस राग होता.

डॉक्टरांशी बोलणारा माणूस एकच ठेवा. त्यानं रात्री घराच्या ग्रुपवर चार ओळी टाकायच्या. चूर्ण, भस्म, ‘अमक्या गावी एक वैद्य आहेत’ असे सल्ले आले की ‘डॉक्टरांना विचारून कळवतो’ हे एकच उत्तर सगळ्यांनी द्यायचं.

आणि दात्याची फाईल

शस्त्रक्रियेनंतर आई चौथ्या दिवशी घरी आली. पहिले सहा आठवडे घागर, सिलिंडर, नातू, काहीच उचलायचं नव्हतं. नातवाला उचलायची मनाई तिला सगळ्यात जड गेली. दुसऱ्या घरच्या ताई अधूनमधून फोन करतात. दोघी तिखट किती घालायचं यावरच बोलतात.

बाबांची फाईल आता दोन बोटं जाड आहे. आईची पातळ. दात्यानंही दर वर्षी बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन बघायचं असतं, दुखण्याच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नसतात. हे तिला सांगितलं होतं, आम्हालाही सांगितलं होतं. तरी पहिल्या वर्षी तिची तारीख सगळेच विसरलो, ती स्वतःसुद्धा. या वर्षी दिनदर्शिकेवर बाबांच्या तारखा निळ्या पेननं आहेत आणि आईची लाल. १४ तारीख, उपाशीपोटी, सोबत: मी.